अमेरिकेत दोनच पक्ष? थोडा खुलासा

इंदिरानगरातल्या आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेच्या घटनेत दोनच पक्षांना परवानगी आहे, म्हणून तिथे आपल्यासारख्या तडजोडी नाहीत.’ दोन्ही गोष्टी चूक.

अमेरिकेच्या घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. तिसरे उमेदवार उभे राहतात, मतंही घेतात. 1992 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास 19 टक्के मतं पडली, पण इलेक्टोरल मत (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) एकही नाही! कारण बहुतेक राज्यांत जो पुढे, त्यालाच राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. 2000 मध्ये फ्लोरिडा राज्यात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध 537 मतांनी जिंकले आणि तिथेच ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना 97 हजारांवर मतं होती. तेव्हापासून ‘मत वाया घालवू नका’ हे तिकडच्या मतदाराला आणखीच ऐकावं लागतं. मेन राज्याने यावर पसंतीक्रमाचा तोडगा काढलाय: पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर मत दुसऱ्या पसंतीला जातं.

आता तडजोड. ती तिथेही आहे, फक्त वेळ वेगळी. आपल्याकडे निकालानंतर मोट बांधली जाते; 2019 चा नोव्हेंबर नाशिककर विसरलेले नसतील. तिकडे ती बरीचशी आधीच, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत होते. मनातला उमेदवार तिथे हरला की नोव्हेंबरात दगडापेक्षा वीट मऊ म्हणत बटण दाबायचं.

मेसेज पुढे पाठवलेल्यांत मीही होतो, म्हणून हे लिहिलं.