न झालेल्या लग्नाचा घटस्फोट

अमेरिकेत लेकीच्या कॉलेजसाठी दरवर्षी फाफ्साचा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा, अर्ज भरायला बसलो की, आम्ही दोघांनी लग्न का केले नाही याचा जणू जाबच द्यावा लागतो. एकाच घरात राहणाऱ्या अविवाहित आईवडिलांसाठी त्या अर्जात स्वतंत्र पर्याय आहे. मात्र संयुक्त करविवरण भरणाऱ्या विवाहित जोडप्याचे जिथे एकाच्या ऑनलाइन खात्यावर भागते, तिथे आम्हाला वेगवेगळी खाती, वेगवेगळी संमती आणि वेगवेगळ्या सह्या द्याव्या लागतात. तेही एक वेळ सोसू. पण एवढे करूनही कॉलेजच्या कार्यालयाने घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मागावी, आणि तीही सलग तिसऱ्या वर्षी! जे लग्न झालेच नाही, ते मोडल्याचा कागद आणायचा कुठून?