स्पीकर बंद करा ना, भाऊ!

नागपुरात खापरीहून मेट्रोत बसा, सीताबर्डी येईपर्यंत कोणी ना कोणी फोन तोंडासमोर आडवा धरून, स्पीकर फुल करून बोलतच असतं. देवानं कान दिलाय ना? लावा की फोन त्याला! काल समोरच्या काकांच्या फोनवर त्यांची मुलगी की सून, कोण जाणे, रडत रडत दवाखान्याचा रिपोर्ट सांगत होती. साखर किती वाढली, डॉक्टर काय म्हणाले, पैसे कुठून आणायचे, सगळं अख्ख्या डब्यानं ऐकलं. त्या बिचारीला कल्पना तरी होती का? "स्पीकरवर आहेस, आजूबाजूला लोक आहेत" एवढं सांगायचीही तसदी नाही. मला याचाच जास्त संताप येतो. आमच्या कानांचं सोडा, पण तिचं दुखणं असं चव्हाट्यावर काहून मांडता?

डिसेंबर 2022 मध्ये प्रजापती नगरपर्यंतची मेट्रो सुरू झाली, किती बरं वाटलं होतं. आता सीताबर्डीला ॲक्वा लाइन पकडली की तिथं रील्स. तेच गाणं पुन्हा पुन्हा, शेजारी आजी डोकं धरून बसलेल्या. म्हटलं, बाळा, इअरफोन लाव. तर म्हणे, "चार्जिंग नाही, काकू." मग आवाज बंद कर ना, बाप्पा!