एक स्टार देणाऱ्या अण्णांना दुकानदाराचं उत्तर

नमस्कार अण्णा. तुमच्या प्रेसचा जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर जसाच्या तसा नव्या कॉम्प्युटरमध्ये चालवून द्यायचं काम बुधवारी देतो म्हणालो आणि शुक्रवारी दिलं, त्याबद्दल माफ करा. चूक आमचीच.

पण 'नुसतं कॉपी-पेस्ट करायला ३,५०० घेतले, वर तीन दिवसांच्या लग्नपत्रिका उडवल्या' असं तुम्ही लिहिलंय, ते फार लागलं. उडवल्या नाहीत ओ.

सोमवारी रात्री तुमच्या जुन्या सीपीयूतली ८० जीबीची हार्ड डिस्क काढून तिची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यायला लावली. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा, होते, एकेका जागी अडकत पहाट झाली. इमेजमध्ये त्या रात्रीपर्यंतचंच सगळं येतं. नंतर जुन्या कॉम्प्युटरवर केलेलं काम तिच्यात आपोआप जात नाही. मंगळवारी सकाळी तुम्ही खानापूरहून आलात, लग्नसराईत प्रेस बंद ठेवता येत नाही म्हणालात आणि सीपीयू घेऊन गेलात. डिस्क परत बसवताना मी म्हणालो होतो, आता यात नवीन काम केलंत तर पेन ड्राइव्हवर वेगळं काढून ठेवा. तुम्ही फोनवर होता, मान हलवलीत. तुमच्यासोबतच्या पोराला विचारा, तो ऐकत होता. मंगळवार ते गुरुवारच्या पत्रिका, मराठी आणि कन्नड दोन्ही, त्या जुन्या डिस्कवरच आहेत. हे मी पावतीवर लिहून द्यायला हवं होतं, यापुढे देऊ. वेळेचंही बघतो.

आणि कॉपी-पेस्ट म्हणाल तर, विंडोज एक्सपी तसं उचलून दुसरीकडे ठेवलं की चालू होत नाही. जुन्या बोर्डाचा डिस्क कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारा भाग, त्याला ओळखीचा; व्हर्च्युअल मशीनमधला, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरमधला, अनोळखी. म्हणून निळी स्क्रीन येते, 'सेव्हन बी' एररची. इमेजमधल्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, नव्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरची (तो चालवणाऱ्या प्रोग्रामची) नोंद घातली तेव्हा कुठे एक्सपी उठलं. मग फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक, जे लावल्याशिवाय ते चालत नाही, आतल्या मशीनला जोडून दिलं. पत्रिका मांडायचं पेजमेकर उघडून तुमचीच एक जुनी पत्रिका प्रिंट काढून दाखवली, तेव्हा तुम्हीच खूश झाला होता. पैसेही आधी सांगूनच घेतले.

आतल्या एक्सपीत इंटरनेट चालत नाही असंही लिहिलंय. ते मी मुद्दाम बंद ठेवलंय. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, त्याला नेटवर सोडणं धोक्याचं. बाहेरच्या नव्या विंडोजवर नेट आहेच की.

दुकानात मी आणि एक पोरगा, दोघंच. बेळगावात नवीन गिऱ्हाईक आता आधी स्टार बघतं आणि मग जिना चढतं. रागावला असाल तर फोन करायचा होता, मी उचलला नाही असं कधी झालंय का?

येत्या रविवारी मी स्वतः येऊन त्या फाइली नव्या मशीनमध्ये घालून देतो, पैसे नकोत. तोवर जुना सीपीयू कुणाला देऊ नका, भंगारात तर नकोच.