हलका पाऊस म्हणजे किती हलका ओ?

परवा रात्री बातम्यांत ती पोरगी हसत हसत सांगू लागली की मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना दिलासा, उद्यापासून पावसाचा जोर ओसरणार, आकाश निरभ्र होणार, तापमानात हळूहळू वाढ होणार. मी म्हणलं, चला सुटलो. अण्णा बाजेवर बसून पायाला तेल चोळत होते, ते म्हणाले "बंद कर ते." म्हणलं अण्णा, चांगली बातमी हाय की, ऊन पडायलंय. तर म्हणाले, "चार दिवस आधी पडलं असतं तर चांगली. आता बनीम उघडून बघ, मग सांग मला."

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औसा भागात काढलेल्या सोयाबीनच्या ढिगाला बनीम म्हणतात. आमची तीन एकरची बनीम चार दिवस मेनकापडाखाली होती. सकाळी कापडाचं एक टोक उचललं तर आतून भपकन वाफ आली, चुलीवरच्या भगुण्याचं झाकण काढल्यावर येते तशी. हात आत घातला कोपरापर्यंत, गरम. बुडाच्या शेंगा काळ्या पडलेल्या आणि कडेच्या काही शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आलेले, मटकीला येतात तसे. मटकीला आले की आपण खुश होतो, इथं बघून पोटात गोळा येतो.

आता चूक कोणाची? सांगतो, माझी. लपवून काय करायचं.

मागच्या आठवड्यात व्हॉट्सअपच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, "पुढचे आठ दिवस कडक ऊन, शेतकरी बांधवांनी बिनधास्त काढणी करून घ्यावी." खाली हात जोडलेले, वर तिरंगा. त्याच दिवशी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्लाही आला होता, तो मंगळवारी आणि शुक्रवारी येत असतो, त्यात नेहमीचंच वाक्य होतं, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस होण्याची शक्यता. मी दोन्ही वाचले. आणि खरं सांगू का, दुसरा वाचून हसलो. म्हणलं हे काय सांगणं झालं, तुरळक ठिकाणी, शक्यता, हलका ते मध्यम, म्हणजे काहीबी झालं तरी हे बरोबरच. पहिल्यात कसं, बिनधास्त! मग काय, काढणीचं गुत्तं, म्हणजे ठेका, देऊन टाकलं, दोन दिवसात तीन एकर आडवं. दुसऱ्या दिवशी पाचला पश्चिमेकडून जे भरून आलं ते मेनकापड ओढायलासुद्धा टाइम दिला नाही नीट.

त्यानंतर चार दिवस घरात बसून दुसरं काय करणार, हवामान खात्याचे ते शब्द म्हणजे नेमकं काय हे शोधून वाचलं. आणि माझं मत असं झालंय की खातं खोटं बोलत नाही, पण त्याची भाषा आपल्या रानाची नाही, आणि ती आपल्या मापात करून सांगायला मधे कोणी नाही. म्हणून मग आपण बिनधास्तवाल्याकडं जातो.

"तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजायच्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे चार गावं धरली तर तीन कोरडी राहू शकतात आणि अंदाज तरी बरोबर. "काही ठिकाणी" म्हणलं की २६ ते ५० टक्के. हे आपल्याला कधी कोणी सांगितलंय का? आपण वाचतो तुरळक आणि समजतो थोडासा. तुरळक हा शब्द किती ठिकाणी पडणार याचा आहे ओ, किती पडणार याचा नाहीच. तुमच्या रानावर पडला तर तो मुसळधारसुद्धा असू शकतो.

आता "हलका". इथं तर मी हातच टेकले. २४ तासात २.५ पासून १५.५ मिलिमीटरपर्यंत पडला की त्याला हलका म्हणतात, १५.६ पासून ६४.४ पर्यंत मध्यम, आणि ६४.५ पासून पुढं जोरदार. कागदावर १५ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराएवढंसुद्धा नाही. पण हिशोब करा, एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकर म्हणजे चार हजारावर चौरस मीटर, म्हणजे १५ मिलिमीटर हलका पाऊस एका एकरावर साठ हजार लिटर पाणी टाकतो. दहा हजारी टँकर धरला तर सहा टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, सगळ्या देशाच्या चॅनेलवाल्यांनी दाखवलं, तेव्हा दहा वाघिणीत मिळून पाच लाख लिटर होतं. म्हणजे आठ एकरावरचा एक हलका पाऊस. जूनमध्ये हा हलका पाऊस पेरणीलासुद्धा पुरत नाही म्हणून आपण देवाला बोल लावतो, आणि आडव्या सोयाबीनवर तोच आला की वर्ष जातं. शब्द तोच, आकडा तोच.

आणि गंमत पुढं आहे. पंचनाम्याला अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात, म्हणजे काही गावं मिळून केलेल्या भागात, २४ तासात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. मंडळाच्या केंद्रावर ६० झाला तर तो खात्याच्या भाषेत मध्यम आणि तलाठ्याच्या भाषेत काहीच नाही. केंद्र एकीकडं, आमचं रान दुसरीकडं, मधे तावरजा नदी. ढग काय मंडळाची हद्द बघून फुटतोय व्हय.

रंगांचं पण तसंच. यलो आला की लोक म्हणतात कमी पाऊस, ऑरेंज म्हणजे बरा, रेड म्हणजे लई. तसं नाहीये ते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हलाच. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना सगळ्याच उलटल्या तेव्हा कळलं त्या लालचा अर्थ काय, पण ते लिहायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल.

असो, उन्हाकडं येतो.

आमचे अण्णा अजून नक्षत्रावर चालतात. पाऊस हस्ताचा, "पडेल हत्ती तर पाडील भिंती", आता चित्रा लागलीय, म्हणजे ऊन आणि सर दोन्ही आलटून पालटून. त्याला शास्त्र विचारू नका, पण पहाटे गवतावर धुई दिसली, वारं फिरून उत्तरेकडून यायला लागलं की ते म्हणतात गेला आता. आणि खातंही काही फार वेगळं बघत नाही. मान्सून पश्चिम राजस्थानातून निघाला असं जाहीर करायला पाच दिवस पाऊस बंद पाहिजे, हवेतला ओलावा घटला पाहिजे आणि खालच्या थरात वारं उलटं फिरलं पाहिजे. त्याची तारीख आधी १ सप्टेंबर धरायचे, २०२० पासून १७ सप्टेंबर केली. आपल्याला लक्षात ठेवायला सोपी, आपला मुक्तिसंग्राम दिन, आपण इकडं झेंडावंदन करायचं आणि तिकडं राजस्थानातून त्यानं पाय काढायचा. पण तिथून निघाला म्हणजे आपल्या डोक्यावरून गेला असं नाही, आणि मान्सून गेला म्हणजे बंगालच्या उपसागरात पुढं काही शिजणारच नाही असंही नाही.

तर ऊन पडणार. चांगलंच आहे, आमची बायको सगळ्यात जास्त खुश, पोराचे शाळेचे कपडे चार दिवस वाळले नव्हते, पंख्याखाली टाकून टाकून कुबट वास मारायले होते. पण खाली ओल आणि वरून कडक ऊन म्हणजे नुसता उकाडा, ऑक्टोबर हीट म्हणतात ते. उभं राहिलेलं जे सोयाबीन आहे ना आमचं, तीन एकर अजून उभंच आहे, त्याच्या शेंगा आधी भिजल्या आणि आता असं कडक ऊन लागलं की तडकतात. दुपारी रानात उभं राहिलात तर ऐकू येतं, टक, टक, टक. एकेक दाणा उडून भेगेत जातोय. म्हणजे आता पळा. आणि पळणार मी एकटा नाही, अख्खा तालुका एकाच दिवशी पळणार. मजूर मिळत नाही, मिळाला तर मागच्या आठवड्याच्या दरात येत नाही, हार्वेस्टरवाला म्हणतो रानात चिखल हाय, चाक रुततंय, वाफसा येऊ दे, म्हणजे रान चालण्याइतकं सुकू दे. काळं भारी रान, वाफसा यायला चार-पाच दिवस, आणि आला की लगेच हरभऱ्याची पेरणीसुद्धा डोक्यावर, कारण हेच ऊन ती ओल उडवून नेणार. म्हणजे जिथं टीव्हीवर "दिलासा" असं लिहिलेलं असतं तिथंच आमची सगळ्यात जास्त धावपळ असते.

बरं काढलं, मळून रास केली, तरी पुढं ओलावा मोजायचं मीटर आहेच. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांच्या आत ओलावा लागतो. २०२४ ला लई बोंब झाल्यावर तेवढ्या हंगामापुरता १५ केला होता. २०२५-२६ ला हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण तो बाराच्या आतल्या दाण्याला, वाफ निघणाऱ्या दाण्याला नाही. अण्णा मीटर वापरत नाहीत, दाणा दाताखाली धरतात. कट्ट वाजला तर न्या, दबला तर अजून दोन ऊन द्या. ते "दोन ऊन" म्हणतात, दोन दिवस नाही. ढगाळ दिवस त्यांच्या मोजणीत धरतच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की अंदाज देताना असा द्या ना राव. की बाबा पुढच्या आठ दिवसात तुमच्या मंडळात तीन ऊन मिळतील, चौथ्याची खात्री नाही. तापमान २ ते ३ अंशांनी वाढेल हे मला सांगून मी काय करू, मला काय ताप मोजायचाय? पाऊस न पडण्याची शक्यता किती टक्के ते सांगा, रात्री दव किती पडेल ते सांगा. यातलं बरंचसं त्यांच्याकडं असणारच, नसतं तर एवढे नकाशे काढले नसते. वीज कुठं पडायलीय ते दामिनी अॅप मोबाइलवर दाखवतंय, मग हे का नाही? आणि कोणी म्हणेल शेतकऱ्याला टक्केवारी कळत नाही, तर साहेब, आडतीवर दाण्याच्या ओलाव्यात अर्धा टक्का कटती लावली की आम्हाला बरोबर कळतं.

आणि आपणपण थोडं सुधरा, मी माझ्यासकट म्हणतोय. "शक्यता" म्हणणाऱ्याला हसायचं आणि "बिनधास्त" म्हणणाऱ्याचा मेसेज फॉरवर्ड करायचा हे मी यंदा केलं, तीन ग्रुपवर केलं, आणि त्यातल्या एका ग्रुपवर माझा साडूपण आहे, त्यानंबी काढलंय. तो मला काही बोलला नाही अजून. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आज दिवसभर बनीम पसरली, वरचं आणि बुडाचं वेगळं केलं, बुडाचं गेलं धरायचं. तीन ऊन लागतील म्हणाले अण्णा, एक आज झालं. मळणी मशीनवाल्याचा आत्ताच फोन आला होता, परवा रात्री अकराला येतो म्हणतोय. रात्री दव असतं, दाणा परत ओल धरणार हे त्यालाबी माहितीय आणि मलाबी. पण नंबर सोडला तर पुढचा आठ दिवसांनी. हो म्हणलंय त्याला.