विरजण मागायला आलेली शेजारीण

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी माझी आत्या निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी तिला ‘डिजिटल अरेस्ट’चा व्हिडिओ कॉल आला: खोटे पोलीस फोनवरूनच ‘तुम्हाला अटक झाली’ म्हणून धमकावतात आणि पैसे उकळतात, तो. दोन दिवस फोन शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून समोर ठेवलेला. कुणाशी बोलायचं नाही. बँकेत एफडी मोडताना काउंटरवर कारण विचारलं, तेव्हा तिने पढवलेलं उत्तर दिलं, ‘नातवाच्या शिक्षणाला.’ साडेचार लाख गेले. शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या, आत्याने दार उघडलं नाही, म्हणून त्यांनी माझ्या भावाला फोन केला. त्याने १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला. थोडीच रक्कम गोठवता आली.

मग घरात एकच वाद: मास्तरीण असून फसलीच कशी? फोनवरून अटक करण्याचा असा काही कायदाच नाही, हे तिने पेपरात वाचलं होतं. मला म्हणाली, “आधी दरडावायचे, मग ‘आई’ म्हणायचे रे.” काका जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथे बँकांच्या लेखी नुकतंच घरातलं माणूस गमावलेला कुणीही असुरक्षित ग्राहक ठरू शकतो, मग तो प्राध्यापक का असेना. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करून घेतलेल्या पेमेंटची भरपाई ८५ हजार पौंडांपर्यंत बँकांनी द्यायची, पाठवणारीने निम्मी, घेणारीने निम्मी. असुरक्षित ग्राहकाला ‘तुमचाच निष्काळजीपणा’ म्हणून परत पाठवता येत नाही. परदेशी खात्यात गेलेले पैसे मात्र यात बसत नाहीत, आणि माझ्या गल्लीत विरजण मागायला कुणी येत नाही, हेही खरं.

‘लोकांना शहाणं करा’ हा आपल्याकडचा आग्रह चुकीचा नाही. मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलं होतं की फसव्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधी दिला, तर मन लसीसारखं तयार होतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये छोट्या व्हिडिओंतून ते यूट्यूबवर तपासलं. डावपेच ओळखणं सुधारलं. पण असा परिणाम ओसरतो, पुन्हा डोस लागतो. घाबरलेल्या बाईने एकटीने सगळं आठवावं आणि बँकेने फक्त सही तपासावी, हे मला पटत नाही.

गेल्या महिन्यात आत्याने भजनी मंडळात सगळं सांगितलं. तिथल्या तिथे दोघी म्हणाल्या, आम्हालाही आला होता असा फोन.