हळद चमकते, पण पेशी निवडत नाही

सर, नमस्कार. नॅनोकणांवरच्या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं: आपली सांगलीची हळदही दिव्याखाली चमकते, मग चमकून कॅन्सरच्या पेशी दाखवणाऱ्या नॅनोकणांचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, एवढं कौतुक कशाला? वर त्यात कॅडमियमचं विष. आणि मिरजेत पावलोपावली दवाखाने, तरी एकातही हे दिसत नाही.

हळद चमकते, खरंच. चिमूटभर स्पिरिटमध्ये ढवळा आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा, पोपटी-पिवळा उजेड दिसेल. तो करक्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा. पण त्याला चेतवायला जांभळा-निळा प्रकाश लागतो, आणि तो मांसात फार खोल जात नाही. रात्री मोबाइलची बॅटरी तळहाताला चिकटवून बघा: आत जातो पांढरा प्रकाश, बाहेर येतो लालच. निळा-हिरवा रक्तातलं हिमोग्लोबिन गिळतं. म्हणून तर 650 ते 900 नॅनोमीटरच्या, म्हणजे लाल आणि त्यापलीकडच्या प्रकाशाच्या, पट्ट्यात चमकणाऱ्या कणांमागे सगळे लागलेत. शिवाय करक्युमिन कुठल्याही पेशीत शिरतं. कणावर मात्र फॉलिक अ‍ॅसिड बसवता येतं. अंडाशयाच्या बऱ्याच कॅन्सरपेशींवर ते पकडणारे रिसेप्टर भरपूर असतात, त्यामुळे कण तिथे जास्त चिकटतो.

विषाबद्दल वाद नाही. क्वांटम डॉट्सना, म्हणजे अशाच चमकणाऱ्या नॅनोकणांच्या एका प्रकाराला, 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्यातल्या कॅडमियम सेलेनाइडच्या कणांचं वरचं कवच खराब झालं की कॅडमियम सुटतं. ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीतच बरे. माणसासाठी वाट धरली ती सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाची. कॉर्नेल विद्यापीठातल्या, पोटात रंगद्रव्य कोंडलेल्या 6-7 नॅनोमीटरच्या कणांना 2011 साली अमेरिकेत माणसांवर चाचणीची परवानगी मिळाली. एवढे बारीक की लघवीवाटे निघून जातात. 2014 साली निकाल आले, रुग्ण पाच, मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरचे. आणि गंमत म्हणजे त्यांच्या शरीरात कण शोधले ते चमकेवरून नव्हे, किरणोत्सारी आयोडीन जोडून पेट (PET) स्कॅनने!

तुमच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मीच देते. दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग 2016 साली एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेला हिस्सा मध्यकाने 0.7 टक्के निघाला. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवतात. खरी अडचण ही आहे, चमक नव्हे.

ऑपरेशन टेबलावर पुढे गेलं ते साधं रंगद्रव्य. फॉलिक अ‍ॅसिडचीच युक्ती वापरणाऱ्या एका रेणूला अमेरिकेत नोव्हेंबर 2021 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. तो नॅनोकण नाही. तेव्हा मिरजेत उद्या कुणी ‘नॅनो तपासणी’चे पैसे मागितले, तर आधी परवानगीचा कागद मागा. बायॉप्सी त्याने टळणार नाही.