खुलासा: अलेक्स ईला आणि यूएस ओपन

फिलिपिन्सची टेनिसपटू अलेक्स ईला 'यूएस ओपन विजेती' असल्याचे सांगणारी पोस्ट फिरते आहे. ते अर्धसत्य आहे. तिने २०२२ मध्ये न्यूयॉर्कला जिंकले ते मुलींच्या (१८ वर्षांपर्यंतच्या, म्हणजे ज्युनियर गटाच्या) एकेरीचे विजेतेपद. अंतिम फेरीत लुसी हावलिचकोवावर ६-२, ६-४ अशी मात. ज्युनियर स्पर्धा मुख्य स्पर्धेच्याच दुसऱ्या आठवड्यात, त्याच संकुलात होते, त्यामुळे फोटोवरून फरक कळत नाही. निकालात 'गर्ल्स सिंगल्स' लिहिले आहे का ते पाहावे. या विजयाचे गुण डब्ल्यूटीए क्रमवारीत (महिलांच्या व्यावसायिक टेनिसच्या क्रमवारीत) धरले जात नाहीत.

महिलांच्या यूएस ओपनमध्ये तिचा पहिला विजय २०२५ चा. क्लारा टाउसनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये १-५ ने मागे असताना तिने सामना टायब्रेकपर्यंत खेचला आणि ६-३, २-६, ७-६ असा जिंकला. इथे 'ग्रँडस्लॅममध्ये जिंकणारी पहिली फिलिपिनो' म्हणताना 'ओपन युगात' (म्हणजे व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश खुला झाला त्या १९६८ नंतरच्या काळात) हे शब्द गाळू नयेत. फिलिपिन्सचेच फेलिसिसिमो आम्पोन त्याआधी, १९५० च्या दशकातच फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले होते, त्यांना विसरणे अन्यायाचे आहे.

२०२५ ची मायामी स्पर्धा तिने जिंकल्याचेही सांगितले जाते, पण तीही तिने जिंकलेली नाही. वाइल्डकार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर), १४० व्या क्रमांकावरून येऊन तिने ओस्तापेंको, कीज आणि श्वियाँतेक या तीन ग्रँडस्लॅम विजेत्यांना हरवले. बादोसाने माघार घेतल्याने एक फेरी न खेळता मिळाली. उपांत्य फेरीत पेगुलाने तिला तीन सेटमध्ये हरवले. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचे विजेतेपद खरे, पण ते डब्ल्यूटीए १२५ या खालच्या दर्जाचे, मुख्य टूरचे नव्हे.